कुठलं क्रोमियम, ते आधी विचार

अगं, आधी तो फोन पालथा ठेव आणि निवांत बस. घराचं काम निघालंय, ओट्याची फरशी बसायची आहे, नळ निवडायचेत, भांड्यांची यादी अर्धवट पडली आहे. त्यात रात्री ग्रुपवर कुणीतरी तुला व्हिडिओ पाठवला, की स्टीलच्या भांड्यांतून क्रोमियम अन्नात उतरतं आणि क्रोमियमने कॅन्सर होतो. सकाळी त्याच ग्रुपवर दुसरीने अण्णांच्या शुगरवर क्रोमियमच्या गोळ्या सुचवल्या. रात्री विष आणि सकाळी औषध! कुणाचंही डोकं भणभणेल. पण बघ, दोघींनीही एक साधी गोष्ट गाळली आहे आणि तीच कळली की तुझी निम्मी काळजी मिटेल. क्रोमियमचं नाव निघालं की पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की कुठल्या रूपातलं?

मी वर्षानुवर्षं अकरावी-बारावीच्या मुलींना रसायनशास्त्र शिकवत आले आहे, म्हणून हक्काने सांगते. क्रोमियम हा चंदेरी, लखलखीत आणि अतिशय कठीण धातू. अणुक्रमांक २४. वितळायला १९०० अंश सेल्सिअसच्याही वर तापमान लागतं. तुझ्या कामापुरती त्याची तीन रूपं लक्षात ठेव. पहिलं म्हणजे नुसता धातू, जो तुझ्या भांड्यांत आणि नळावर असतो. दुसरं, तीन इलेक्ट्रॉन गमावलेलं, ज्याला पुस्तकात त्रिसंयुजी म्हणतात. दगडमातीत, धान्यात, भाजीपाल्यात असतं ते बहुतेक हेच. तिसरं, सहा इलेक्ट्रॉन गमावलेलं, षट्संयुजी. हे बहुतांशी कारखान्यांतून आणि भट्ट्यांतून येतं, आणि भीती बाळगायची ती याची. आपण आपल्या बोलण्यात सरळ तीनवालं आणि सहावालं म्हणू या, म्हणजे जीभही अडखळणार नाही.

सहावाल्याचं एवढं वाईट काय? त्याचं क्रोमेट आकाराने आणि विद्युतभाराने सल्फेटसारखं असतं. आपल्या पेशींना सल्फेट हवं असतं, ते आत घ्यायच्या वाटा त्यांच्याकडे तयार असतात, आणि क्रोमेट त्याच वाटांनी आत शिरतं. आत गेल्यावर टप्प्याटप्प्याने त्याचं तीनवालं होतं आणि या उलथापालथीत डीएनएला इजा पोचते. तीनवालं मात्र त्या वाटांनी जाऊच शकत नाही, ते बहुतेक बाहेरच्या बाहेर राहतं. हा फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर प्रयोगशाळेत ये कधीतरी. पोटॅशियम डायक्रोमेटचं द्रावण असतं झळझळीत नारिंगी. त्यात आम्ल आणि थोडं अल्कोहोल घालून जरा ऊब दिली, की बघता बघता नारिंगी मावळतं आणि हिरवं उमटतं. सहावाल्याचं तीनवालं झालं! दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना पकडायला पूर्वी ज्या नळ्यांत फुंकर मारायला लावत, त्यांत हेच नारिंगी रसायन असायचं.

रंगांचं निघालंच आहे, तर एक विषयांतर करू दे, कारण या धातूची हीच बाजू मला मनापासून आवडते. १७९७ साली पॅरिसमध्ये निकोला-लुई वोक्लँ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने रशियातल्या उरल पर्वताकडून आलेल्या एका लालभडक-नारिंगी खनिजात हा धातू ओळखला. पुढे त्यालाच माणिक आणि पाचूतही क्रोमियमचा अंश सापडला. तुझ्या आजेसासूबाईंच्या अंगठीतलं माणिक बघ. त्यातलं अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड शुद्ध असतं तर काचेसारखं बिनरंगी दिसलं असतं. त्याला लाल करतं ते त्यात मिसळलेलं तीनवालं क्रोमियम. आणि हेच तीनवालं पाचूच्या खड्यात जाऊन बसलं की हिरवं दिसतं. भोवतालचे अणू बदलले, की ते प्रकाशातला वेगळा भाग शोषतं. १९६० साली थिओडोर मेमन यांनी जगातला पहिला लेसर पेटवला, तोही माणकाच्या कांडीतूनच. सहावाल्याने जगाला पिवळा रंग दिला. शिसं आणि क्रोमेट मिळून होणारा तो क्रोम यलो व्हॅन गॉगने सूर्यफुलांच्या चित्रांत सढळ हाताने वापरला. तो आता काही ठिकाणी काळपट पडत चाललाय, कारण प्रकाशात त्या सहावाल्याचं हळूहळू तीनवालं होतंय. नळीतलं रसायन असो की चित्रातला रंग, गोष्ट एकच.

बरं, आता स्वयंपाकघरात ये.

स्टेनलेस स्टील म्हणजे मुळात लोखंडच गं. त्यात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असेल तरच त्याला स्टेनलेस म्हणायचं. हवेतला ऑक्सिजन लागला की पृष्ठभागावरचं क्रोमियम ऑक्साइडचा थर धरतं, दुधावर साय धरावी तसा. फक्त हा थर जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे आपला केस त्याच्या हजारो पट जाड. डोळ्यांना दिसत नाही म्हणूनच खालचं स्टील चकाकत राहतं. लोखंडाचा गंज पोपडे धरून सुटतो आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. हा थर तसा नाही. तो घट्ट आणि सलग असतो, पाणी आणि हवा खाली पोचूच देत नाही.

आईने दिलेला तो डबा काढ बघू, ज्यावर तुझं नाव घातलंय. भांड्याच्या दुकानात टर्र-टर्र आवाज करणारी सुई घेऊन नाव कोरणारा माणूस आठवतो ना? त्या अक्षरातल्या प्रत्येक ठिपक्यात त्याने वरचा थर फोडून आतलं कोरं स्टील उघडं केलं होतं. आता ती अक्षरं जवळून बघ, हवं तर भिंग घे. इतक्या वर्षांच्या घासण्या-विसळण्यानंतरही त्या खाचांत गंज नाही. उघड्या पडलेल्या क्रोमियमने हवा लागताक्षणी नवा थर धरला, कुणाला बोलवावं लागलं नाही. पितळी पातेल्याची कल्हई उडाली की कल्हईवाल्याची वाट बघावी लागायची, कारण कथलाचा थर गेला की गेला. स्टीलमध्ये क्रोमियम आरपार मिसळलेलं असतं, वरून चढवलेलं नसतं. त्यामुळे ‘घासून घासून मुलामा गेला, आता विष उतरणार’ असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. मुलामा मुळात नाहीच.

हे गुपित १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्डला हॅरी ब्रिअर्लींच्या ध्यानात आलं. बंदुकीच्या नळ्या आतून लवकर झिजतात म्हणून ते क्रोमियम घातलेलं पोलाद तपासत होते. नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याआधी त्यावर आम्लाची प्रक्रिया करावी लागते, आणि हा नमुना काही केल्या आम्लाला दाद देईना. शेफील्ड पडलं सुऱ्या-काट्यांचं गाव. बंदुकीसाठी शोधलेलं पोलाद जेवणाच्या टेबलावर आलं ते असं.

आता भांडी घेताना काय बघायचं ते सांगते. दुकानदाराला ‘ग्रेड कुठला?’ एवढंच विचार. तीनशे चार म्हणाला तर त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. जुने लोक त्यालाच अठरा-आठ म्हणतात. रोज शिजवायची पातेली आणि सिंक यांच्यासाठी यात पैसे घाल, तिथे काटकसर नको. दोनशेच्या मालिकेतलं स्टील स्वस्त पडतं, कारण महागड्या निकेलचा बराचसा वाटा मँगनीजला दिलेला असतो आणि क्रोमियमही जरा कमी असतं. ताटं, वाट्या, पेले यांना ते चालतं. खारट-आंबटाला आणि समुद्रकाठच्या हवेला मात्र ते लवकर डाग धरतं, म्हणून रत्नागिरीला वन्संकडे द्यायची भांडी त्यातली घेऊ नकोस.

आणि तो लोहचुंबक पिशवीतून काढून ठेव. चुंबक चिकटला म्हणजे स्टील खोटं, हे कुणीतरी पसरवून दिलंय. चारशेच्या मालिकेतल्या भांड्यांच्या स्टीलमध्ये निकेल जवळपास नसतं पण क्रोमियम चांगलं १६-१७ टक्के असतं, आणि त्याला चुंबक चिकटतो. इंडक्शनवर चालणाऱ्या भांड्याच्या तळाला चुंबक चिकटायलाच हवा. उलट दोनशेच्या मालिकेला चुंबक चिकटत नाही, म्हणून काही ते तीनशे चार ठरत नाही. सुऱ्यांचं आणखी वेगळं. धार टिकावी म्हणून त्यांच्या पोलादात कार्बन जास्त आणि क्रोमियम साधारण तेरा टक्क्यांच्या आसपास असतं, त्यामुळे त्या ताटवाट्यांपेक्षा लवकर डागाळतात. सुरी रात्रभर सिंकमध्ये भिजत टाकू नकोस, धुऊन लगेच पुसून ठेव.

खरं सांगू का, स्टीलवरच्या त्या ऑक्साइडच्या थराचा शत्रू तुझ्या घरातच आहे. मीठ. मिठातलं क्लोराइड जिथे साठून राहतं तिथे तो थर भेदतं आणि पातेल्याच्या तळाला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. म्हणून भाताला किंवा पास्त्याला मीठ घालायचं ते पाण्याला उकळी आल्यावर, आणि लगेच ढवळायचं. गार पाण्यात घातलं की खडे तळाशी तसेच बसून राहतात. ब्लीचमध्येही क्लोरीनच असतं, तेव्हा कपडे पांढरे करायला स्टीलची बादली नको. लोखंडी तारेच्या घासणीचे बारीक कण भांड्याला चिकटून राहतात आणि तेच गंजतात, आणि आपण म्हणतो भांडं गंजलं! रिकामं पातेलं गॅसवर राहून तळाला निळसर-सोनेरी झाक आली तर घाबरू नकोस, तो ऑक्साइडचा थर उष्णतेने थोडा जाड झालाय इतकंच. व्हिनेगर किंवा लिंबू चोळ, निघेल. पांढरे ठिपके राहिले तर ते बोअरच्या जड पाण्यातले क्षार, त्यांनाही हाच उपाय.

आता तुझा मूळ प्रश्न. स्टीलमधून क्रोमियम अन्नात उतरतं का? उतरतं. थोडंसं. टोमॅटोसारखं आंबट काही बराच वेळ शिजवलं तर जास्त, आणि भांडं नवंकोरं असेल तर पहिल्या काही वेळा आणखी जास्त, मग ते प्रमाण घटतं. पण बघ, उतरतं ते सहावालं नव्हे, तीनवालं, आणि पोटात गेलेल्या तीनवाल्यातला शंभरातला एखादाच भाग शरीर शोषून घेतं, बाकीचा शरीराबाहेर जातो. तेव्हा चिंचेची आमटी, कोकमाचं सार स्टीलमध्ये खुशाल कर. फक्त करून झाल्यावर दोन-दोन दिवस त्यातच ठेवू नकोस, आणि लोणचं आपलं चिनी मातीच्या नाहीतर काचेच्या बरणीतच बरं. नवी पातेली आणलीस की पहिल्यांदा टोमॅटोचं काही न करता पाणी, दूध, भात यांना वापर. तुझ्या धाकट्या जावेला खोट्या कानातल्यांनी पुरळ येतं ना? ती बहुधा निकेलची अ‍ॅलर्जी. तिला तो त्रास फारच असेल तर आंबट पदार्थांसाठी तिने डॉक्टरांना विचारून कमी निकेलची किंवा काचेची भांडी वापरावीत. पण तो मुद्दा निकेलचा आहे, त्यात क्रोमियमला ओढू नकोस.

अण्णांच्या गोळ्यांबद्दल मात्र मला गांभीर्याने बोलायचंय.

त्या बाटलीवर बहुधा क्रोमियम पिकोलिनेट लिहिलेलं असेल. ते तीनवालंच आहे, कॅन्सरवालं नव्हे, ती धास्ती नको. प्रश्न वेगळा आहे, की त्याने शुगर उतरते का. या कल्पनेचा उगम १९५९ सालचा. श्वार्झ आणि मर्ट्झ या दोन संशोधकांना उंदरांवरच्या प्रयोगांत वाटलं, की साखर पचवायला लागणाऱ्या एका घटकात क्रोमियम आहे. पुढे १९७०च्या दशकात, महिनोन्महिने फक्त शिरेतून अन्न दिलेल्या रुग्णाला मधुमेहासारखी लक्षणं दिसली आणि क्रोमियम दिल्यावर ती ओसरली. त्यावरून शरीराला क्रोमियम लागतं असं पाठ्यपुस्तकांत आलं. अमेरिकेत २००१ साली प्रौढ स्त्रियांसाठी रोज २५ आणि पुरुषांसाठी ३५ मायक्रोग्रॅम पुरेसं असा अंदाज बांधला गेला. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग गं! एवढं तर पोळी-भाजीतून सहज मिळतं. पण त्यानंतर शास्त्रज्ञांचं मत बदलत गेलं. २०१४ साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने सगळे पुरावे तपासले आणि सांगितलं, की क्रोमियम माणसाला आवश्यक आहे असं पटावं इतका पुरावा नाही, म्हणून रोज किती घ्यावं हेही आम्ही ठरवत नाही. मधुमेह्यांवरच्या चाचण्यांचे निकालही एकसारखे नाहीत. काहींत थोडा फरक दिसतो, काहींत काहीच नाही.

‘घेतल्या तर बिघडलं काय’ असं म्हणू नकोस. अण्णा मेटफॉर्मिन घेतात आणि इन्सुलिनही. त्यांच्या जोडीला ही गोळी गेली तर शुगर हवी त्याहून खाली जायची शक्यता असते. सासूबाईंना थायरॉइडची गोळी आहे. त्यांनीही हौसेने ही सुरू केली, तर दोन्ही एकत्र घेतल्यास थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. मूत्रपिंडाचं काही दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातच लावायचा नाही. पुढच्या तपासणीला बाटली पर्समध्ये घालून घेऊन जा, डॉक्टरांसमोर ठेव आणि स्पष्ट विचार. संकोच करू नकोस. अण्णांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नकोस. तोवर बाटली बंद.

नळांचं पटकन उरकते. चकचकीत नळावर क्रोमियमचा मुलामा असतो, निकेलच्या थरावर चढवलेला आणि अगदी पातळ. तो धातूच आहे, त्यातून येणाऱ्या पाण्याची काळजी नको. पण टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड त्यावर उडू देऊ नकोस. हायड्रोक्लोरिक आम्लात क्रोमियम विरघळतं, आणि इथे क्रोमियम आरपार नसल्यामुळे मुलामा गेला की पुन्हा येत नाही. ओलं फडकं, साबणाचं पाणी, शेवटी कोरडं पुसणं, बस्स. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र तर कधीच करायचं नाही, विषारी क्लोरीन सुटतो. टोस्टरची आणि हीटरची लालबुंद होणारी तारही निकेल-क्रोमियमचीच. इतकी तापूनही ती जळून जात नाही, तीही त्याच ऑक्साइडच्या थरामुळे. आणि गॅलरीला स्टीलचं ग्रिल बसवायला येतील तेव्हा जागेवर वेल्डिंग करत असतील तर मुलांना घेऊन शेजारी जा. स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगच्या धुरात सहावालं असतं.

हळदीकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघ. तिथे क्रोमियम शिसं बरोबर घेऊन येतं. चित्रकाराचा तो पिवळा लेड क्रोमेट काही ठिकाणी हळकुंडं उजळ दिसावीत म्हणून चोळतात. बांगलादेशात संशोधकांनी हे २०१९ साली उघडकीला आणलं, त्यानंतर तिथल्या सरकारने बाजारांवर धाडी घातल्या आणि भेसळ खूप आटोक्यात आली. आपल्याकडचे अन्नसुरक्षा अधिकारीही ही भेसळ तपासतात. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक, आणि त्याला सुरक्षित अशी पातळी नाही. तू अख्खी हळकुंडं आण, सांगलीची मिळाली तर उत्तमच, आणि दळून घे. दळायच्या आधी एक हळकुंड काचेच्या ग्लासात पाण्यात टाक. लगेच पिवळा रंग सुटायला लागला तर तो वरून चोळलेला. चांगलं हळकुंड तसा रंग सोडत नाही. रंगाने फारच झळाळणारी हळकुंडं दिसली तर घेऊच नकोस, जरा मळकट दिसणारी बरी.

आता त्या व्हिडिओतल्या कॅन्सरबद्दल. ती गोष्ट खोटी नाही गं, फक्त तिचा पत्ता चुकलाय. सहावाल्या क्रोमियमला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९० सालीच पहिल्या वर्गात घातलं, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे निश्चित. मुलामा देणाऱ्या कारखान्यांत आणि क्रोमेट बनवणाऱ्या कारखान्यांत वर्षानुवर्षं ती वाफ आणि धूळ नाकात गेलेल्या कामगारांना फुप्फुसाचा कॅन्सर झाला, नाकपुड्यांमधल्या पडद्याला भोकं पडली. कॅलिफोर्नियातल्या हिंकली गावात एका गॅस कंपनीने १९५२ ते १९६६ या काळात शीतमनोऱ्यांत गंज धरू नये म्हणून सहावालं वापरलं आणि ते पाणी साध्या खड्ड्यांत सोडलं. ते विहिरींत उतरलं. १९९६ साली कंपनीला ३३ कोटी ३० लाख डॉलर द्यावे लागले. त्यावरचा ज्युलिया रॉबर्ट्सचा ‘एरिन ब्रॉकोविच’ तू बघितला असशील.

पण इतक्या लांब कशाला जायचं? कानपूरजवळच्या रनिया भागात चामडं कमावायची क्रोमियमची रसायनं बनवणाऱ्या कारखान्यांनी टाकलेल्या कचऱ्याचे ढीग वर्षानुवर्षं पडून राहिले आणि हातपंपांचं पाणी पिवळं झालं. तमिळनाडूत राणीपेटला बंद पडलेल्या क्रोमेट कारखान्यामागे असाच डोंगर उभा राहिला. ओडिशातल्या जाजपूर जिल्ह्यातलं सुकिंदा खोरं देशातलं बहुतेक सगळं क्रोमाइट पुरवतं, आणि तिथल्या खाणींतलं पाणी दोमसाळा नदीत जातं. आपल्याकडे सिंधुदुर्गात कणकवलीजवळ आणि विदर्भात भंडाऱ्याकडेही क्रोमाइटचे साठे आहेत, फारच थोडे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्रोमियम असता कामा नये. गावाकडच्या घराजवळ चामड्याचा किंवा मुलाम्याचा कारखाना असेल तर बोअरचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घे, आणि अर्जात क्रोमियम असं नाव घालून सांग, नाहीतर ते फक्त क्षार आणि जंतू बघून देतील. सहावालं नुसत्या उकळण्याने जात नाही. पाणी आटलं की उलट ते दाट होतं.

चामडं म्हटलं की लगेच तुझ्या चपला आठवल्या असतील. बहुतेक बूट-पर्सचं चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. ते तीनवालं, चामड्याच्या तंतूंना घट्ट धरून बसलेलं. अंगावर वापरायला बहुतेकींना काही होत नाही, पायाला सतत खाज सुटत असेल तरच शंका घे. पारंपरिक कोल्हापुरीचं चामडं झाडांच्या सालींनी आणि हिरड्यासारख्या फळांनी कमावतात, त्यात क्रोमियम नसतं. वेळ जास्त लागतो, म्हणून खऱ्या कोल्हापुरीला चार पैसे जास्त पडतात. ते द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणजे बघ, भेसळीची हळद सोडली तर तुझ्या ओट्यावर आलेलं क्रोमियम निरुपद्रवी झालेलं असतं. त्याचा जाच ते बनवणाऱ्यांनी आधीच सोसलेला असतो. आणि या अख्ख्या प्रकरणात तुझ्या घरात सहावालं खरोखर कुणाच्या अंगाला लागणार असेल, तर ते तुझ्या नव्हे, उद्या येणाऱ्या गवंड्याच्या आणि घमेली वाहणाऱ्या मावशींच्या. सिमेंट भट्टीत भाजताना कच्च्या मालातल्या क्रोमियमचा काही भाग सहावाला होतो. सिमेंट कालवलं की तो पाण्यात उतरतो आणि कातडीतून आत जातो. आधीच सिमेंट अल्कधर्मी, त्याने कातडी सोलवटते, आणि त्यावर ही अ‍ॅलर्जी. एकदा झाली की बहुधा जन्माची. गवंड्यांच्या हातांवरच्या त्या भेगा आणि चिरा आपण ‘कामाचे हात’ म्हणून बघून सोडून देतो. युरोपात २००५ पासून सिमेंटमध्ये असं विद्राव्य क्रोमियम दहा लाखांत दोन भागांहून जास्त चालत नाही. तिथे त्यात हिराकस मिसळतात, म्हणजे सहावाल्याचं तीनवालं होतं. इतका साधा, स्वस्त उपाय आहे हा.

तुझ्या हातात आहे तेवढं कर. सकाळी नाष्ट्याच्या आधी हार्डवेअरच्या दुकानातून लांब बाह्यांचे रबरी हातमोजे आण. सगळे एकाच मापाचे नकोत, मावशींच्या हाताला पुरुषांचे मोजे सैल होतात आणि त्यातून माल आत जातो. साबण आणि स्वच्छ पाण्याची बादली वेगळी ठेव, सिमेंट कालवायच्या पाण्यात हात धुऊ देऊ नकोस. आणि एक गोष्ट नीट समजावून सांग, कारण हीच सगळ्यात जास्त चुकते. ओलं सिमेंट मोज्याच्या आत गेलं आणि तसंच राहिलं, तर मोजे नसण्यापेक्षा वाईट. आत गेलंसं वाटलं की मोजे काढायचे, हात साबणाने धुवायचे, मोजे आतून धुऊन पुसायचे, मगच परत घालायचे. हे त्यांना तूच सांग. ठेकेदार सांगणार नाही.